मराठीच्या तासाला अभिजात गोष्ट कशी शिकवावी

शाळेत गोष्ट शिकवण्याची रुळलेली पद्धत अशी आहे की शिक्षक आधी लेखकाचा परिचय सांगतात, पाठाचे प्रकट वाचन करून घेतात, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहितात, परिच्छेदागणिक स्पष्टीकरण करतात आणि शेवटी ‘या पाठातून कोणता बोध मिळतो?’ असे विचारून स्वाध्यायाकडे वळतात. या क्रमाने पाठ वेळेत पूर्ण होतो आणि परीक्षेची तयारीही होते. मात्र गोष्ट मुलांपर्यंत पोचण्याआधीच तिचे स्पष्टीकरण पोचलेले असते, आणि ज्या भाषेसाठी हा तास ठेवलेला आहे ती भाषा, म्हणजे लेखकाची वाक्ये, त्यांचा क्रम आणि त्यांतला बोलण्याचा सूर, बाजूलाच राहते. पाचवी ते दहावीच्या वर्गांसाठी येथे वेगळा क्रम सुचवला आहे. गोष्ट आधी अखंड ऐकू द्यावी, मग तिच्यातील एकाच भाषिक विशेषावर काम करावे, आणि मुलांच्या प्रत्येक उत्तरावर ‘हे कोणत्या वाक्यावरून वाटले?’ असे विचारून त्यांना पुन्हा मूळ मजकुराकडे न्यावे.

गोष्टीची निवड

तासिका पस्तीस ते चाळीस मिनिटांची असते, हे लक्षात घेऊन दहा-बारा मिनिटांत मोठ्याने वाचून होईल असाच मजकूर निवडावा. त्यात दोन माणसांचे बोलणे असावे आणि पुढे काय होईल याची उत्सुकता वाटेल असे किमान एक वळण असावे. बोध पहिल्या वाक्यातच उघड करणाऱ्या गोष्टी भाषेच्या तासाला फारशा उपयोगी पडत नाहीत, कारण त्यांत शोधण्यासारखे काही उरत नाही. मजकूर मोठा असेल तर त्यातला एखादा भाग खुशाल वगळावा. पण उरलेला भाग लेखकाच्याच शब्दांत ठेवावा. सोपे करण्याच्या नावाखाली वाक्ये नव्याने लिहिली की कथानक तेवढे हाती राहते, आणि कथानक सांगायला अभिजात लेखकाची गरज नसते.

साहित्य मिळवणे आज अवघड नाही. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे हरिभाऊ आपटे (मृत्यू 1919), नाट्यछटाकार दिवाकर (1931), लक्ष्मीबाई टिळक (1936) आणि साने गुरुजी (1950) यांचे असे लेखन आता सर्वांसाठी खुले आहे, आणि मराठी विकिस्रोतावर जुने मराठी साहित्य टंकलिखित स्वरूपात वाचायला मिळते. अण्णा भाऊ साठे यांचे निधन 1969 साली झाले असल्याने त्यांच्या लेखनावर 2029 अखेरपर्यंत हक्क आहे. अशा लेखकांचा उतारा अध्यापनाच्या ओघात वर्गात वापरण्यास कायद्याने मुभा दिलेली आहे, परंतु त्यांच्या कथांची पुस्तिका छापून वाटायची असेल तर परवानगी घ्यावी लागते.

शिक्षकाचे वाचन

या पद्धतीत सर्वाधिक मेहनत आदर्श वाचनावर घ्यावी लागते. आदल्या दिवशी मजकूर घरी मोठ्याने वाचावा, आवाज कोठे खाली येतो, कोठे थांबावे लागते आणि कोणते वाक्य एका दमात म्हणायचे आहे, याच्या खुणा पेन्सिलीने कराव्यात. वर्गात वाचताना पहिल्या खेपेस पुस्तके मिटलेली असावीत. कठीण शब्दांपैकी ज्यांच्यावाचून गोष्टच कळणार नाही असे दोन-तीन शब्द आधी सांगून टाकावेत. उरलेले शब्द संदर्भाने किती उलगडतात ते मुलांना अजमावू द्यावे. वाचताना मध्ये थांबून अर्थ सांगू नये. एखादे मूल ‘म्हणजे काय?’ असे विचारू पाहील, तर ‘पुढे कळेल, ऐक’ असे म्हणून पुढे जावे.

वर्गातील एखाद्या मुलाला पाळीपाळीने एकेक परिच्छेद वाचायला लावण्याची सवय पहिल्या वाचनासाठी टाळावी. अडखळत वाचणाऱ्या मुलाला त्यात संकोच होतो आणि ऐकणाऱ्यांच्या हाती गोष्टीचे तुकडे येतात. मुलांच्या प्रकट वाचनाला दुसऱ्या तासिकेत भरपूर जागा आहे, आणि तेव्हा त्यांनी आवडता परिच्छेद स्वतः निवडून, तयारी करून वाचावा.

‘थोर अश्रू’चे दोन तास

साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले आणि 1935 साली प्रसिद्ध झाले. आश्रमातल्या मित्रांना श्याम रोज रात्री आईची एक आठवण सांगतो, अशी त्याची रचना असून त्यात बेचाळीस रात्री आहेत. सांगण्याचा बाज असल्यामुळे हे गद्य मोठ्याने वाचण्यासाठीच लिहिल्यासारखे आहे, आणि ‘थोर अश्रू’ हे प्रकरण सहावी-सातवीच्या वर्गाला दोन तासिकांत नीट शिकवता येते.

प्रसंग लहानसा आहे. आंघोळ झाल्यावर छोटा श्याम हट्ट धरतो की आपले ओले तळवे जमिनीवर टेकले तर त्यांना माती लागेल, म्हणून आईने आपले ओचे धोंड्यावर पसरावेत, म्हणजे त्यावर पाय पुसून तो उडी मारून जाईल. आई त्याला हट्टी म्हणते आणि ओचे पसरते. पुढे देवघरात ती त्याला सांगते की पायांना घाण लागू नये म्हणून जितका जपतोस तितकाच मनाला घाण लागू नये म्हणूनही जप.

येथे ‘ओचे’ हा एक शब्द वाचनाआधी सांगावा. नऊवारी लुगडे नेसताना पुढे खोचलेला भाग म्हणजे ओचा, हे सांगून शक्य असल्यास नऊवारीचे एखादे चित्र दाखवावे, कारण आई नेमके काय करते हे डोळ्यांपुढे आले नाही तर प्रसंगच निसटतो. मग वाचायला सुरुवात करावी आणि श्यामने ओचे पसरायला सांगितल्यावर थांबावे. ‘आई आता काय म्हणेल?’ असे विचारावे आणि मुले जी वाक्ये देतील ती जशीच्या तशी फळ्यावर लिहावीत. ‘वेडा आहेस का?’, ‘बाबांना सांगेन हं’, ‘मला दुसरी कामं नाहीत का?’ अशी उत्तरे आली तर ती सुधारू नयेत. ही वाक्ये मुलांच्या घरची मराठी आहेत, आणि लेखकाच्या वाक्याशी तुलना करायला आपल्याला तीच हवी आहेत. त्यानंतर पुढचा मजकूर वाचून प्रकरण पूर्ण करावे, मिनिटभर वर्ग शांत बसू द्यावा, आणि पहिला प्रश्न बोधाचा न विचारता असा विचारावा: फळ्यावरची आई आणि गोष्टीतली आई यांच्या बोलण्यात काय फरक आहे?

या प्रश्नावर मुले पुष्कळ बोलतात. कोणी म्हणते की गोष्टीतली आई रागावली तरी तिने ऐकले. कोणी म्हणते की तिने उपदेश लगेच न करता नंतर केला. प्रत्येक वेळी ‘कोणत्या वाक्यावरून?’ हे विचारल्याने पुस्तके उघडली जातात आणि दुसरे वाचन आपोआप, सहेतुक होते. आता आईच्या त्या प्रसिद्ध वाक्याकडे वळावे. त्यात पाय आणि मन यांना एकाच क्रियापदाने जोडले आहे, आणि त्यामुळेच लहान मुलालाही ते पेलते. मुलांना स्वतःच्या वापरातल्या वस्तूंबद्दल ‘जसा – तसा’, ‘जितका – तितका’ या जोड्या वापरून वाक्ये तयार करायला सांगावे. व्याकरणाच्या पुस्तकात मिश्र वाक्य म्हणून जे स्वतंत्र प्रकरण येते, ते येथे बोलण्याची गरज म्हणून येते.

दुसऱ्या तासिकेचे काम अधिक रंजक आहे. या प्रकरणात दोन श्याम बोलत असतात. एक हट्ट करणारा लहान श्याम, आणि दुसरा ती आठवण सांगणारा मोठा श्याम, ज्याला आता कळते आहे की आईला ते ओले झालेले लुगडे काही लगेच बदलता येणार नव्हते. मुलांनी दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन कोणते वाक्य लहान श्यामच्या मनातले आणि कोणते मोठ्या श्यामचे, हे खुणा करून दाखवावे. काही वाक्यांबाबत वर्गात मतभेद होतील. ते होऊ द्यावेत आणि ज्याच्या-त्याच्याकडून आधाराचे शब्द काढून घ्यावेत. निवेदक म्हणजे काय, हे समजावून सांगण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.

लेखनासाठी याच प्रसंगाचे आईच्या बाजूने कथन द्यावे. मराठीत हा सराव विशेष मोलाचा ठरतो, कारण ‘मी’ तोच राहतो पण क्रियापद बदलते: ‘मी म्हणालो’चे ‘मी म्हणाले’ होते, ‘मी पाय ठेवले’चे ‘त्याने पाय ठेवले’ होते, आणि कोणते रूप बदलते व कोणते बदलत नाही याकडे मुलांचे लक्ष लागते. शिवाय आईच्या बाजूने लिहिताना ओल्या लुगड्याने पुढची कामे करणारी आई मुलांना लिहावीच लागते. मूळ मजकुरात जे ओझरते आले आहे ते त्यांच्या लेखनात मध्यभागी येते.

एका गोष्टीची काळजी येथे घ्यायला हवी. ‘श्यामची आई’तले घर हे शंभरहून अधिक वर्षांपूर्वीचे कोकणातले ब्राह्मण घर आहे. वर्गातील अनेक मुलांच्या आया खाणीत, शेतात किंवा दुसऱ्यांच्या घरी कामाला जातात, आणि श्यामची आई हीच आईपणाची एकमेव मोजपट्टी आहे असे त्यांना वाटू देणे अन्यायाचे होईल. म्हणून नववी-दहावीत हेच प्रकरण लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मधील सोवळ्या-ओवळ्याच्या वर्णनांबरोबर वाचावे. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक असा की बाजारातून आणलेले सामानही धुऊन घ्यावे लागे. स्वच्छता हा एकच विषय, पण एकीकडे ती संस्कार म्हणून येते आणि दुसरीकडे घरादाराला जाच म्हणून. भाषाही शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे: साने गुरुजींचे वाक्य हळवे होत लांबत जाते, लक्ष्मीबाईंचे वाक्य छोटे, बोलीतले आणि थेट असते. दोघांचा एकेक परिच्छेद घेऊन वाक्यांतील शब्द मोजायला लावले, तरी शैली म्हणजे काय याची चर्चा सुरू होते. मोठ्या वर्गात अण्णा भाऊंची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा घ्यावी. खाण बंद पडल्याने बेकार झालेला भीमा प्रेतांबरोबरचे सोने शोधू लागतो, ही कथा मुलांना हादरवते, आणि वाक्यांत क्रियापदे कशी धावतात हे पाहायला ती फार उत्तम आहे. मात्र ती आठवीच्या खाली नेऊ नये.

नाट्यछटा: न लिहिलेले बोलणे

दिवाकरांनी, म्हणजे शंकर काशिनाथ गर्गे यांनी, 1911 पासून लिहिलेल्या नाट्यछटा भाषेच्या तासासाठी अतिशय सोयीच्या आहेत आणि तरी त्यांचा वापर कमी होतो, याचे वाईट वाटते. नाट्यछटेत एकच पात्र बोलते. समोरच्याचे बोलणे लिहिलेले नसते; ते बोलणाऱ्याच्या उत्तरांवरून, मध्येच तुटलेल्या वाक्यांवरून आणि टिंबे, संयोगचिन्हे, उद्गारचिन्हे यांवरून ओळखावे लागते. ‘पंत मेले – राव चढले’ या शीर्षकातच एकाचे मरण आणि दुसऱ्याची बढती शेजारी ठेवलेली आहे.

वर्गात याचे काम सोपे आहे. निवडलेल्या नाट्यछटेच्या प्रती काढाव्यात आणि जोडीजोडीने मुलांना समोरच्या पात्राची वाक्ये लिहायला सांगावीत. मग एकाने दिवाकरांचे आणि दुसऱ्याने आपण लिहिलेले संवाद मोठ्याने म्हणावेत. समोरचे पात्र वयाने मोठे आहे की लहान, ‘तू’ म्हणायचे की ‘तुम्ही’, ‘अहो’ की ‘अरे’, हे ठरवल्याशिवाय एकही वाक्य लिहिता येत नाही, आणि ते ठरवण्यासाठी मजकुरातले पुरावे शोधावे लागतात. विरामचिन्हांचा पाठ वेगळा घेण्याची गरज उरत नाही, कारण टिंबे कोठे आहेत यावरच समोरच्याने कधी बोलायचे ते ठरते. कविता आणि धडे यांत न रमणारी, पण वर्गात सतत बोलणारी मुले या कामात पुढे येतात.

तेराव्या शतकाचे गद्य

मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ज्या प्राचीन वाङ्मयाच्या आधारावर तो मागितला गेला, त्यातल्या चार ओळी तरी शाळेत मुलांच्या कानांवर पडायला हव्यात. त्यासाठी महानुभाव पंथाचे गद्य घ्यावे. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ आणि केसोबासांचा ‘दृष्टान्तपाठ’ यांतील मजकूर लहान-लहान तुकड्यांचा आहे, आणि चक्रधरस्वामींचे दृष्टान्त मुळातच गोष्टी आहेत. हत्ती आणि जन्मांध माणसांची गोष्ट मुलांना ठाऊक असते: पाय चाचपणारा हत्तीला खांब म्हणतो आणि कान चाचपणारा सूप म्हणतो. कथानक माहीत असल्यामुळे सारे लक्ष भाषेकडे देता येते, म्हणून सुरुवातीला हीच गोष्ट घ्यावी.

मजकूर आधी दाखवू नये, ऐकवावा. लिहिलेला पाहिला की ‘तेणें’, ‘म्हणितलें’, ‘जालें’ यांच्यावरील अनुस्वारांनी मुले बिचकतात. ऐकताना त्यांतले बहुतेक शब्द ओळखीचे निघतात. ऐकून झाल्यावर समजलेल्या शब्दांची यादी वर्गाने मिळून करावी आणि मगच प्रत वाटावी. त्यानंतर आजची रूपे शेजारी लिहायला सांगावे. तेणें म्हणजे त्याने, जालें म्हणजे झाले, अशा सात-आठ जोड्या पुरेत. सगळ्याच शब्दांचा हिशोब मांडायला गेले तर तास रुक्ष होतो. गोव्यातल्या मुलांना ‘जालें’ हे रूप मुळीच अनोळखी वाटत नाही, कारण कोकणीत ते आजही रोजच्या बोलण्यात आहे, आणि असे मूल वर्गात असेल तर हा शब्द त्यालाच समजावून सांगू द्यावा.

मराठी घरी न बोलणारी मुले

2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले, आणि त्यामुळे ‘सुलभभारती’ व ‘अक्षरभारती’ ही इतर माध्यमांसाठीची मराठीची पाठ्यपुस्तके घेऊन बसणाऱ्या वर्गांत घरी गुजराती, हिंदी, उर्दू, तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुले मोठ्या संख्येने असतात. त्यांच्यासाठी पंचतंत्र घ्यावे. माकड आणि मगरीची गोष्ट त्यांनी आपापल्या भाषेत ऐकलेली असते, त्यामुळे अर्थ लावण्याचा भार उतरतो आणि फक्त मराठी उरते. जांभळाच्या झाडावरचे माकड रोज फळे टाकते, हा भाग भूतकाळ शिकवायला नेमका उपयोगी पडतो: माकडाने जांभूळ टाकले, माकडाने जांभळे टाकली, माकडाने फांदी हलवली, मगर हसली. क्रियापद कधी कर्त्याकडे पाहते आणि कधी कर्माकडे, हा मराठी शिकणाऱ्याला सर्वांत जास्त छळणारा नियम येथे गोष्ट सांगता सांगता शंभर वेळा तोंडातून जातो. टाकलेली वस्तू बदलत राहावी आणि मुलांनी गोष्ट साखळीने पुढे न्यावी, एवढीच योजना पुरते.

‘अपरीक्षितकारक’ या पाचव्या तंत्रातील मुंगसाची गोष्ट पुढच्या टप्प्यावर घ्यावी. बाळाला सापापासून वाचवणारे मुंगूस रक्ताळलेल्या तोंडाने समोर येते आणि मारले जाते. ‘आई थांबली असती तर मुंगूस वाचले असते’ अशी वाक्ये मुले या गोष्टीवर आपण होऊन करू लागतात, कारण गोष्ट संपते तीच त्या हळहळीवर. गोष्टीच्या काही पाठांत, म्हणजे रूपांत, मुंगसाला आई मारते आणि काहींत बाप मारतो. दोन्ही पाठ सांगून कोणता अधिक पटतो ते मुलांना कारणासह लिहू द्यावे. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळांतील शिक्षकांनाही हा मार्ग सोयीचा आहे. तेथे आठवड्यातून एकदाच वर्ग भरतो, म्हणून गोष्ट आजी-आजोबांना फोनवर सांगून त्यांचा पाठ विचारून येणे हाच गृहपाठ द्यावा.

उत्तरे तपासताना

हे सारे कृतिपत्रिकेत, म्हणजे परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत, कोठे बसते, असा प्रश्न पालक आणि मुख्याध्यापक विचारतील, आणि तो रास्त आहे. आकलन कृतींसाठी मजकूर बारकाईने वाचावा लागतोच. ‘स्वमत’ आणि अभिव्यक्तीच्या कृतींत मुलांची उत्तरे मार्गदर्शक पुस्तकांतून पाठ केल्यासारखी एकसारखी येतात, याचे कारण त्यांना मत मांडायला मजकुरातला आधार हाताशी नसतो. ‘कोणत्या वाक्यावरून?’ या सवयीने तो मिळतो. म्हणून घटक चाचणीत एक कृती पुस्तक उघडे ठेवून द्यावी आणि गुण देताना दोनच निकष ठेवावेत: मत स्पष्ट आहे का, आणि त्याला मजकुरातला किमान एक शब्दप्रयोग जोडला आहे का. शुद्धलेखनाच्या चुका अधोरेखित कराव्यात, पण या कृतीत त्यांचे गुण कापू नयेत. त्यासाठी लेखनाच्या वेगळ्या कृती आहेतच.

मुलांनी आईच्या बाजूने लिहिलेली कथने आणि नाट्यछटेला जोडलेले संवाद वर्षभर एका वहीत साठवावेत आणि ही वही वर्गाच्या ग्रंथपेटीत पुस्तकांबरोबर ठेवावी. पुढच्या वर्षीच्या वर्गाला ‘थोर अश्रू’ शिकवताना आधी मूळ प्रकरण वाचावे आणि नंतर या वहीतील एक कथन वाचून दाखवावे. आपल्याच शाळेतल्या मुलाने लिहिलेले ऐकले की लिहायला घेण्याचा धीर बहुतेकांना येतो, आणि शिक्षकालाही कोणत्या जागी मुले अडतात हे आधीच ठाऊक झालेले असते.